गाइडलाइन कोणाच्या वेळेत राबवायची?

मागच्या वर्षी दम्याच्या एका जुन्या पेशंट बाईंना मी सहज म्हणालो, "तुमचा पंप जरा माझ्यासमोर घेऊन दाखवा." त्यांनी पिशवीतून पंप काढला, टोपण उघडलं, तोंडाशी धरला, दाबला आणि मग क्षणभर थांबून नाकाने छान दीर्घ श्वास घेतला. औषधाचा फवारा ओठांच्या कडेने बाहेर पडून हवेत विरून गेला. सहा वर्षं मी त्यांना तो पंप लिहून देत होतो. दम आटोक्यात नाही म्हणून दोनदा डोसही वाढवला होता. दर वेळी मी विचारायचो, "पंप नियमित घेता ना?" त्या "हो" म्हणायच्या, आणि आम्ही दोघंही खरंच बोलत होतो.

डोस वाढवण्याआधी पंप घेण्याची पद्धत तपासा, हे वाक्य दम्याच्या प्रत्येक गाइडलाइनमध्ये असतं. मी ते वाचलेलं होतं. कोणी परीक्षा घेतली असती तर घडाघडा म्हणूनही दाखवलं असतं. म्हणूनच "फॅमिली डॉक्टर गाइडलाइन पाळत नाहीत, कारण त्यांना ती माहीत नसते" हे निदान मला पटत नाही.

गाइडलाइनची उणीव नाही, हे आधीच सांगून टाकतो. दम्यासाठी 'गिना' हा जागतिक उपक्रम १९९३ साली सुरू झाला आणि त्याचा पहिला अहवाल १९९५ साली आला. सीओपीडीसाठी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या जुनाट आजारासाठी, 'गोल्ड' १९९७ साली सुरू झाला, त्याचा पहिला अहवाल २००१चा. दोन्ही सतत अद्ययावत होत असतात, आणि त्यामागची मेहनत प्रामाणिक आहे. श्वासनलिकांची सूज उतरवणारं, श्वासावाटे घ्यायचं स्टिरॉइड १९७२ पासून बाजारात आहे. इतकं हाताशी असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्यातले ४ लाख ५५ हजार त्या वर्षी दगावले. सीओपीडीने २०२१ साली सुमारे ३५ लाख माणसं गेली. सीओपीडीचं सोडा, तिथे फुप्फुसाचं झालेलं नुकसान भरून येत नाही. पण दम्याने आज माणूस मरणं म्हणजे बहुतेक वेळा कुठेतरी, कोणाकडून तरी काहीतरी राहून जाणं.

काय राहून जातं, यावर अभ्यास कमी नाहीत. डॉक्टर गाइडलाइन का पाळत नाहीत याचा शोध घेणारे ७६ अभ्यास एकत्र करून १९९९ साली अमेरिकेत एक आढावा निघाला. माहिती नसणं हे त्यातल्या अनेक कारणांपैकी एक होतं. गाइडलाइन पटत नाही, पटते पण आपल्याला जमेल असं वाटत नाही, जमलं तरी उपयोग होईल असा भरवसा नाही, वर्षानुवर्षांचा हात बदलत नाही, आणि बाहेरची परिस्थिती साथ देत नाही, अशी बाकीची यादी. पण उपाय म्हणून जे सुचतं ते नेहमी पहिल्याच कारणावरचं: व्याख्यान, कार्यशाळा, प्रमाणपत्र. कारण तेच करायला सगळ्यात सोपं असतं. औषध कंपनीला खर्च करायला आवडतं तेही तेच, हे जाता जाता.

माहिती अगदी डोळ्यांसमोर आणून ठेवली तर? तेही करून झालंय. ईशान्य इंग्लंडमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या ६० दवाखान्यांमध्ये दमा आणि अंजायना (हृदयामुळे छातीत दुखणं) यांच्या गाइडलाइन संगणकात बसवल्या गेल्या. पेशंटची नोंद उघडली की सल्ला हजर. निष्कर्ष २००२ साली छापून आले: पेशंटच्या उपचारात काही फरक नाही, कारण डॉक्टरांनी तो सल्ला फारसा उघडलाच नाही. मला त्या डॉक्टरांचं आश्चर्य वाटत नाही. समोर माणूस बोलत असताना पडद्यावर आणखी एक चौकट उघडली की हात आपोआप ती बंद करतो. दिवसात कितव्यांदा तरी.

आता वेळेचा हिशेब. २०२२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी तो मांडला. २,५०० पेशंट सांभाळणाऱ्या एका डॉक्टरने प्रतिबंधक तपासण्या, जुनाट आजार, किरकोळ दुखणी आणि कागदपत्रं असं सगळं शिफारशींप्रमाणे तंतोतंत करायचं ठरवलं, तर त्याला रोज २६.७ तास लागतील. दिवस २४ तासांचा असतो. गंमत म्हणून हा आकडा अनेकांनी एकमेकांना पाठवला, मीही पाठवला. पण त्याच निबंधातला दुसरा आकडा कोणी पाठवला नाही: तेच काम नर्स, आहारतज्ज्ञ, समुपदेशक अशा चमूत वाटलं, तर डॉक्टरच्या वाट्याला ९.३ तास येतात. पुढचं सगळं म्हणणं या दुसऱ्या आकड्यावर उभं आहे, म्हणून तो लक्षात ठेवा.

आणि हे अमेरिकेतलं. ६७ देशांमधल्या तपासणीच्या वेळेचा एक आढावा २०१७ साली आला. त्यात बांगलादेशात सरासरी ४८ सेकंद आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं अशी दोन टोकं होती. जगाची जवळपास निम्मी लोकसंख्या ज्या देशांत राहते, तिथे एका पेशंटला ५ मिनिटं किंवा त्याहून कमी मिळतात. गाइडलाइन मात्र सगळ्यांसाठी एकच. पंपाची पद्धत पाहा, चुकली तर दुरुस्त करा, पुन्हा पाहा. धूम्रपान विचारा, सोडण्याची तयारी जोखा. कामाच्या जागी धूळधूर आहे का विचारा. दम उसळला तर काय करायचं याची लेखी योजना करून द्या. लस झाली का बघा. सोबतचे आजार बघा. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. पण ४८ सेकंदांत किंवा अगदी दहा मिनिटांत यातली कोणती दोन करायची आणि कोणती सोडायची, हे कुठलीच गाइडलाइन सांगत नाही. ती निवड डॉक्टर रोज एकटा, मनातल्या मनात, आणि बरेचदा चुकीची करतो.

अडचण वेळेपाशीच थांबत नाही. गाइडलाइन आजाराकडून माणसाकडे येते, फॅमिली डॉक्टर माणसाकडून आजाराकडे जातो. २००५ साली अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी एक काल्पनिक बाई घेतली: वय ७९, सीओपीडी, मधुमेह, रक्तदाब, हाडांची ठिसूळता आणि झिजलेले सांधे. पाचही आजारांच्या गाइडलाइन तिला लावल्या. तिला १२ औषधं निघाली, दिवसात १९ डोस, पाच वेगवेगळ्या वेळांना. कुठल्याही फॅमिली डॉक्टरला ही बाई काल्पनिक वाटणार नाही. शिवाय ज्या चाचण्यांवर या शिफारशी उभ्या असतात, त्यांत आमचे पेशंट असतात तरी किती? न्यूझीलंडमध्ये दमा असलेल्या सामान्य लोकांना मोठ्या औषधचाचण्यांच्या प्रवेशाच्या अटी लावून पाहिल्या, तेव्हा त्या अटींत बसणाऱ्यांचं प्रमाण मध्यक धरून निघालं ४ टक्के. शंभरातल्या चौघांवरून ठरलेलं बाकी शहाण्णवांना लागू करताना थोडी चाचपणी होणारच. तिला हट्टीपणा म्हणणं बरं नव्हे.

त्यातही सगळ्यात मोठी फट पहिल्याच पानावर असते. उपचाराच्या पायऱ्यांचा सुंदर तक्ता "दम्याचा पेशंट" असा सुरू होतो. आमच्याकडे दम्याचा पेशंट येत नाही. तीन आठवडे खोकला असलेला माणूस येतो. तो दमा असेल, सीओपीडी असेल, क्षय असेल, हृदय थकलं असेल, आम्लपित्त वर येत असेल किंवा नुसता सर्दीनंतर रेंगाळलेला खोकला असेल. दोन पफ देऊन बरं वाटलं की आम्ही "दमा" लिहून टाकतो. ते लेबल मग पिढीजात घरासारखं होतं, कोणी पुन्हा सातबारा काढून बघत नाही. कॅनडात डॉक्टरांनी दमा असल्याचं सांगितलेल्या ६१३ प्रौढांची पुन्हा नीट तपासणी झाली, लागेल तसं औषध हळूहळू कमी करून. निष्कर्ष २०१७ साली आला: ३३ टक्के लोकांमध्ये दमा आढळलाच नाही. काहींचा मधल्या काळात ओसरला असेल, काहींना कधी नसेलच. दुसऱ्या बाजूला जिना चढताना लागणारी धाप "वय झालं" म्हणून सोडून दिलेले सीओपीडीचे पेशंट असतात, ते वेगळेच.

गाइडलाइन म्हणते, स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून फुप्फुसांची तपासणी, करा. बरोबर आहे. सीओपीडीचं निदान तर तिच्याशिवाय होऊच नये: पंप दिल्यानंतर पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा ही एकूण फुंकलेल्या हवेच्या ०.७० पेक्षा कमी भरली पाहिजे. पण यंत्र दवाखान्यात असणं वेगळं आणि पेशंटकडून तीन वेळा नीट, पूर्ण, दमदार फुंकर मारून घेणं वेगळं. ते कसब आहे, ते गंजतं, आणि महिन्यातून चार तपासण्या करणाऱ्याचं तर हमखास गंजतं. म्हणून स्पायरोमेट्री प्रत्येक दवाखान्यात असावी हा आग्रह मला चुकीचा वाटतो. पाच-दहा दवाखान्यांमागे एक जागा असावी, जिथे रोज हेच काम करणारा माणूस आहे आणि अहवाल दोन दिवसांत परत येतो.

तोवर दम्यासाठी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा वेग मोजणारं साधं उपकरण, आहे. १९५९ पासून आहे. खिशात मावतं, वीज लागत नाही. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडे लिहायचे. प्रौढांमध्ये दिवसातला चढउतार सरासरी १० टक्क्यांहून जास्त निघाला तर दम्याच्या बाजूने पुरावा. इतकं साधं साधन बहुतेक दवाखान्यांच्या खणात धूळ खात पडलेलं असतं, आणि याला मात्र वेळेची सबब पुरत नाही. आम्हालाच थांबणं जमत नाही. पेशंटला आजच्या आज काहीतरी दिल्याशिवाय परत पाठवायची लाज वाटते. स्टिरॉइड सुरू करून टाकलं की दोन महिन्यांनी चढउतार दिसेनासा होतो आणि निदानाचा पुरावा आपणच पुसून बसतो. जीव गुदमरणाऱ्याला आधी उपचार द्यायचे, यात वाद नाही. बाकीच्यांना दोन आठवडे थांबवता येतं.

आता त्या लगेच आराम देणाऱ्या पंपाबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे झालं आहे. साल्ब्युटामॉल १९६९ साली आलं. पाच मिनिटांत छाती मोकळी होते. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर पेशंटला काहीच जाणवत नाही, सूज उतरायला दिवस-आठवडे लागतात. ज्याने बरं वाटतं ते औषध, बाकीची कटकट, असं पेशंटने ठरवलं तर त्याच्या अनुभवाला धरूनच आहे. शिवाय "पंपाची सवय लागते" ही भीती असते, ती नेमकी ज्याची गरज आहे त्या पंपाविषयी.

ब्रिटनमध्ये दम्याच्या १९५ मृत्यूंची एकेक करून छाननी झाली, अहवाल २०१४ चा. ज्यांच्या पंपांची मोजदाद उपलब्ध होती अशा १६५ जणांपैकी ६५ जणांना मृत्यूआधीच्या वर्षात १२ पेक्षा जास्त आरामाचे पंप लिहून दिले गेले होते. एका पंपात साधारण २०० पफ. बारा पंप म्हणजे वर्षाला २,४००, रोजचे सहाहून जास्त. हा आकडा कोणाच्या तरी नोंदवहीत होता. प्रत्येक पंपावर कोणीतरी सही केली होती. वर्षाला तीन किंवा जास्त पंप संपले तर दम उसळण्याचा धोका वाढतो, बारा झाले तर मृत्यूचा, असं गिना स्पष्ट सांगते. ही मोजणी करायला डॉक्टरची २६.७ तासांतली अर्धी मिनिटही लागत नाही, औषध देणाऱ्या खिडकीवरच्या माणसालाही ती जमते. वेळेच्या युक्तिवादाआड इथे मला आणि माझ्या व्यवसायबंधूंना लपू देऊ नये.

पण मग हेही सांगायला हवं. सौम्य दमा असेल तर नुसता आरामाचा पंप पुरे, ही पहिली पायरी गाइडलाइननेच जवळजवळ तीन दशकं शिकवली होती. २०१९ साली गिनाने ती मागे घेतली: प्रौढ आणि किशोरवयीनांना नुसता आरामाचा पंप देऊ नये, स्टिरॉइड त्याच्या जोडीला असलंच पाहिजे, गरज लागेल तेव्हा घेतलेल्या एकत्रित पंपातून का होईना. म्हणजे २०१८ साली अगदी काटेकोर गाइडलाइन पाळणारा डॉक्टर सौम्य दम्याच्या पेशंटला जे देत होता, ते पुढच्या वर्षी चूक ठरलं. याचा अर्थ न वाचणारा शहाणा ठरला असा नाही, तोही तेच देत होता. पण गाइडलाइन लिहिणाऱ्यांनी बाकीच्यांच्या "जडत्वा"वर बोलताना आवाज जरा खालचा ठेवावा, एवढं म्हणायला हरकत नाही.

जिथे गाइडलाइन खरंच राबली, तिथे काय झालं? फिनलंडने १९९४ ते २००४ असा दहा वर्षांचा दमा कार्यक्रम चालवला. प्रत्येक भागात दम्याची जबाबदारी घेणारा एक डॉक्टर आणि एक नर्स ठरवली, औषधविक्रेत्यांना बरोबर घेतलं, कोणी काय करायचं ते वाटून दिलं. दम्यासाठी रुग्णालयात काढलेले दिवस १९९३ ते २००३ दरम्यान ५४ टक्क्यांनी घटले, पेशंटची नोंदलेली संख्या वाढत असूनही. दर पेशंटमागचा वार्षिक खर्च ३६ टक्क्यांनी उतरला. दुसरं उदाहरण श्रीमंत देशातलं नाही. दक्षिण आफ्रिकेच्या फ्री स्टेट प्रांतात डॉक्टरांची वानवा, दवाखाने नर्स चालवतात. तिथे श्वसनाच्या सगळ्या तक्रारींसाठी एकच छोटी पुस्तिका केली, आजारावरून नाही तर "खोकला किंवा धाप" या तक्रारीवरून सुरू होणारी. ४० दवाखान्यांत चाचणी झाली. नर्सना कुठे बाहेर बोलावलं नाही, प्रशिक्षक त्यांच्याच दवाखान्यात थोड्या थोड्या वेळाने जात राहिले. २००५ साली आलेले निकाल असे की स्टिरॉइडचे पंप योग्य पेशंटना जास्त मिळाले, आणि क्षयाचे पेशंटही जास्त सापडले. दमा नीट शोधायला गेलेल्यांना क्षय सापडला, यातच तक्रारीवरून सुरुवात करण्याचं शहाणपण दिसतं.

पैशाने हे होत नाही का? काही प्रमाणात होतं. ब्रिटनने २००४ पासून फॅमिली डॉक्टरांना ठरावीक कामांसाठी जादा मोबदला सुरू केला, दम्याची वार्षिक तपासणी त्यात होती. दहा वर्षांनी मृत्यूंची ती छाननी झाली तेव्हा ४३ टक्के मृतांच्या बाबतीत आधीच्या वर्षात अशी तपासणी झाल्याची नोंदच नव्हती, आणि लेखी योजना जेमतेम २३ टक्क्यांकडे होती. पैसे दिले की चौकटीत खूण होते. खूण कोणत्या पेशंटसमोर होते, हा वेगळा प्रश्न. जो येतो त्याच्यासमोर होते. जो येत नाही, फक्त पंप नेतो, त्याच्यासमोर नाही.

तर माझं म्हणणं असं. ज्या शिफारशीला "हे कोण करणार, किती मिनिटं लागणार आणि त्यासाठी काय सोडायचं" याची उत्तरं जोडलेली नाहीत, ती अर्धवट शिफारस समजावी. कल्पना माझी एकट्याची नाही. शिफारशीसोबत डॉक्टरचा वेळही मोजा, अशी मागणी २०२३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्येच झाली. औषधाच्या मात्रेशिवाय चिठ्ठी लिहिली तर औषधविक्रेता परत पाठवतो. वेळेच्या मात्रेशिवाय आलेली शिफारसही तशीच परत जावी. समितीत प्राध्यापकांच्या बरोबरीने रोज ओपीडी काढणारे डॉक्टर, नर्स, औषधविक्रेते बसावेत, आणि मतापुरते नव्हे तर अंतिम मसुद्यावर सहीचा हक्क घेऊन.

यावर तज्ज्ञ मित्र म्हणतात, छाटलेली गाइडलाइन म्हणजे दुय्यम दर्जाचा उपचार. मला हा आक्षेप गंभीर वाटतो, कारण छाटताना काय जाईल याची धास्ती मलाही आहे. फुप्फुसांचं पुनर्वसन (देखरेखीखालचे व्यायाम आणि शिकवण) हे त्याचं उदाहरण: सीओपीडीत धाप आणि जगण्याचा दर्जा सुधारायला त्याच्याइतका उपयोग फार थोड्या गोष्टींचा होतो, आणि छाटणीत पहिल्यांदा तेच जाईल, कारण त्याला औषधाची बाटली नसते, बाटली विकणारा नसतो. तेव्हा छाटणी कोणाच्या हाती, हे उघडपणे ठरायला हवं. पण आज छाटणी होत नाही असं नाही. आज ती दिवसाच्या शेवटी, दमलेल्या डॉक्टरच्या डोक्यात, नोंद न होता होते.

पंपाच्या पद्धतीपासून सुरुवात केली होती, तिथे एक गोष्ट राहिली. पेशंट पंप कसा घेतात याच्या चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा आढावा २०१६ साली आला. बरोबर घेणारे ३१ टक्के, आणि चाळीस वर्षांत सुधारणा काही नाही. दोन वर्षांनी तसाच आढावा डॉक्टर-नर्सवर आला, त्यात पद्धत बरोबर होती १५.५ टक्क्यांची. पेशंटपेक्षा निम्मी. त्या बाईंना मी जे शिकवणार होतो, ते मला तरी येतं का, अशी शंका तो आकडा वाचून आली. आमच्या नर्सबाई नुकत्याच प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर सरावाचा रिकामा पंप घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. पंप हलवला, ओठ घट्ट मिटून तोंडात धरला, दाबता दाबता सावकाश श्वास ओढला, दहापर्यंत मोजत रोखून धरला. चांगलं जमलं असं वाटलं.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "आधी श्वास सोडायचा राहिला."